कंपनीतून आली तशीच गाडी घेऊन डांबरावरून खाली: बेळगाव-खानापूर भागात सुरुवात कुठून करू?

दुसरं_रेल्वेगेट
नमस्कार मंडळी. दसऱ्याला मारुतीची जिम्नी घेतलो. पांढरी, हाताचा गिअर. महिना झाला, टिळकवाडी ते उद्यमबाग आणि उद्यमबाग ते टिळकवाडी एवढंच चाललंय. गेट पडलं की मालगाडीचे डबे मोजत बसतो. "डबे मोजायला फोर बाय फोर कशाला पाहिजे होती?" हे घरातलं वाक्य आता पाठ झालंय.

डांबर सोडून चालवायला शिकायचं आहे. गाडीत काहीही बदललेलं नाही, टायर कंपनीचेच. व्हिडिओ बघून एक यादी केलोय: एटी टायर (खडबडीत वाटेचे), दोन इंची लिफ्ट (गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंगा), विंच (अडकलेली गाडी ओढायची मोटरवरची दोरी), स्नॉर्कल (इंजिनाला हवा टपाजवळून देणारी नळी), टपावर लाइटबार. बेरीज दोन लाखांच्या पुढं जाते. यातलं आधी काय घ्यावं? शिकायला जागा कुठली? आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या रानात शिरलं तर कुणी काही म्हणतं का?

पुणेरी_पाहुणा
अभिनंदन. जिम्नी "घेतली" म्हणा, बाकीचं नंतर.

दुसरं_रेल्वेगेट
गाडी आमची, हप्ता आमचा, क्रियापद बी आमचंच. घेतलो म्हणजे घेतलोच.

कुंदा_पावकिलो
पाहुणे, आमच्याकडं कुंदासुद्धा "खाल्लो" म्हणतात. एकदा खाऊन बघा, व्याकरणाचं काही वाटणार नाही.

चोर्ला घाटाचा रस्ता पावसाळ्यानंतर बघितलाय का? तिकडं जाऊन आलं की ऑफरोड वेगळं शिकायला नको.

सुभेदार_निवृत्त
बाळ, ती यादी ठेव कपाटात. फौजेत बावीस वर्षं गाड्या चालवल्या. जोंगा चालवली, जिप्सी चालवली, शक्तिमान चालवला. शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिले तीन दिवस स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. गाडीपुढं पायी चालायला लावलं.

तेच तुला सांगतो. अवघड जागा आली की गाडी थांबव, हँडब्रेक ओढ आणि उतर. पलीकडच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत ये. बुटाची टाच दाबून बघ. टाच रुतून बूट घोट्यापर्यंत जात असेल तर तिथं गाडी घालायची नाही. चालताना कुठला दगड हलतो, कुठं पाणी मुरलंय, पलीकडं वळायला जागा आहे का, हे सगळं आत बसून कळत नाही. बॉनेटच्या पुढचे दहा-बारा फूट तर ड्रायव्हरला दिसतच नाहीत.

चढ सरळ चढायचा, उतार सरळ उतरायचा. तिरका गेलास तर गाडी कलंडते. चढावर मध्येच इंजिन बंद पडलं तर वळवायच्या भानगडीत पडू नको. पाय ब्रेकवर ठेव, क्लच दाबून इंजिन परत चालू कर, रिव्हर्स टाक, क्लच हळू सोड आणि इंजिनाच्या जोरावर आलास त्याच वाटेनं मागं ये. उतरताना फोर-एल (चारी चाकांना जोर, वेग कमी), पहिला गिअर, क्लचवर पाय नाही. न्यूट्रलमध्ये उतरणारे मी दोन बघितलेत. एक अजून लंगडतो.

अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर. चाक दगडावर आपटून स्टिअरिंग गर्रकन फिरलं तर आत अडकलेला अंगठा मोडतो.

थारवाला_अनगोळ
सुभेदारसाहेबांचा मान राखून सांगतो, टायर आधी घ्यावेत. कंपनीचे एचटी, म्हणजे हायवेचे टायर डांबरासाठी असतात. येळ्ळूरकडच्या काळ्या मातीत शिरलं की पहिल्या चार फेऱ्यांत नक्षी भरते आणि टायरचा गुळगुळीत लाडू होतो. मग फोर बाय फोर असून चारी चाकं जागेवर फिरतात. मी स्वतः अनुभव घेतलाय, ट्रॅक्टरवाल्यानं पंधराशे घेतले.

उद्यमबाग_टर्नर
@थारवाला, काळ्या मातीत तुमचे एटी तरी काय करणार होते? ओली काळी माती खाली घट्ट नसतेच. खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती वरून घसरते, पण खाली मुरूम किंवा जांभा लागतो, तिथं साधा टायरसुद्धा पकडतो. नवीन माणसानं आधी तांबड्या मातीत शिकावं आणि काळ्या मातीला पाऊस संपल्यावर दोन महिने हात जोडावेत.

फुकटातला बदल म्हणजे हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरच्या आकड्यातून पाव भाग कमी करायचा. टायर पसरतो, जमिनीवर जास्त टेकतो, दगडावरून जाताना उड्या कमी मारतो. त्याहून फार खाली गेलं तर वळताना टायर रिममधून सुटायची भीती. हवा मोजायचा एक चांगला गेज आणि बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, एवढ्यावर भागतं. डांबरावर यायच्या आधी हवा परत भरायचीच. आमच्या शॉपमधला एकजण विसरला आणि हायवेनं ऐंशीच्या वेगानं हत्तरगी टोलनाक्यापर्यंत गेला. उतरून टायरला हात लावला तर चटका बसला.

दुसरं म्हणजे हूक. गाडीखाली गोल भोकं दिसतात ती ट्रकवर बांधून नेण्यासाठी असतात, ओढण्यासाठी नाही. ओढायचा हूक कुठला ते हँडबुकात बघून घे. टो-बारच्या (मागं ट्रेलर जोडायच्या दांड्याच्या) गोळ्याला दोर अडकवायचा नाही, तो गोळा तुटला की तोफेसारखा सुटतो. आणि माझ्यासारख्या ओळखीच्या टर्नरकडून "जरा एक जाड पट्टी वेल्ड करून दे" म्हणून हूक बनवून घेऊ नको. मला महिन्यात दोघं तरी विचारतात, मी दोघांनाही चहा पाजून पाठवतो. १९ मिलिमीटरची, पावणेपाच टन छापलेली बो शॅकल (दोर हुकाला जोडायची लोखंडी कडी) बाजारात मिळते, ती घे.

थारवाला_अनगोळ
पावणेपाच टन? जिम्नीचं वजन बाराशे किलो.

उद्यमबाग_टर्नर
चिखलात पोटावर बसलेली गाडी ओढताना नुसतं वजन ओढत नसतो गा. चिखल धरून ठेवतो तो जोर वेगळा, आणि झटका दिला तर त्याच्या कितीतरी पट.

दुसरं_रेल्वेगेट
एक कबुली देऊन टाकतो. परवा हौसेनं फोर-एचमध्ये (चारी चाकांना जोर, नेहमीचा वेग) टाकून आर.पी.डी. चौकात वळलो. गाडी कटकट करत अडखळली. मी घाबरून थेट सर्व्हिस सेंटरला.

सुभेदार_निवृत्त
😀 वळताना पुढची चाकं मोठा वळसा घेतात, मागची लहान. तुझ्या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शिअल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) नाही, दोन्ही एकत्र जखडले जातात. मातीत चाक थोडं घसरून हिशोब जुळवतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून सगळा ताण गिअरांवर. डांबरावर टू-एचच, म्हणजे दोनच चाकांना जोर.

वडगावची_सुमन
इथं मी एकटीच शेतकरीण दिसते, म्हणून लिहिते.

सुगी झाल्यावर शिवार मोकळं दिसतं आणि शहरातली मंडळी गाड्या घेऊन येतात. भात कापलेलं, धसकटं उभी, कुंपण नाही, म्हणजे रिकामं रान. रिकामं नसतं हो ते. भाताच्या ओलीवर आम्ही मसूर, वाटाणा, हरभरा टाकतो. पेरलेलं आठ-दहा दिवस वरून काही दिसत नाही. गेल्या वर्षी दोन गाड्या आमच्या मसुरात गोल-गोल फिरून गेल्या. वाळल्यावर चाकांच्या पट्ट्या अशा घट्ट झाल्या की त्यातून एक रोप वर आलं नाही. बांध दोन ठिकाणी फुटला, तो वेगळाच.

शिकायचं असेल तर विचारून या. शेतात माणूस दिसला नाही तर वाट बघा, गावात विचारा. आणि बांधावरून गाडी घालू नका, बांध भावकीत काय असतो ते तुम्हाला माहीत नाही.

दुसरं_रेल्वेगेट
सुमनताई, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. मी येळ्ळूरचं तेच शिवार मनात धरून बसलो होतो.

कुंदा_पावकिलो
बांध फुटला की तीन पिढ्या कोर्टात. त्यापेक्षा विंच स्वस्त.

निपाणीकर_मामा
स्नॉर्कलवर कुणी बोललं नाही म्हणून बोलतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं. वाहतूक बंद. आमचा भाचा आडवाटेनं निघाला. पाणी बंपरएवढं, हा जोरात घातला, पुढं लाट उठली आणि ती लाट एअर इनटेकमधून आत. इंजिन बंद पडलं. इथपर्यंत ठीक होतं. त्यानं परत चावी फिरवली! पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर आला, कनेक्टिंग रॉड वाकला. इंजिन खोलून सगळं नवीन. विमा होता, पण इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं नव्हतं, त्यामुळं पैसे घरातून.

तात्पर्य काय काढायचं ते काढा, पण पाण्यात बंद पडली तर चावीला हात लावू नका. ढकलून काढा. आणि वाहत्या पाण्यात जायचंच नाही, मग स्नॉर्कल असो की होडी. उभ्या पाण्यात आधी काठी घेऊन पायी जा, चालण्याच्या वेगानं गाडी घाला, मध्येच गिअर बदलू नका. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा दाबून वाळवा.

पुणेरी_पाहुणा
"तात्पर्य काय काढायचं ते काढा" म्हणून पुढं चार तात्पर्यं सांगितलीत.

निपाणीकर_मामा
तंबाखू मोफत असते, सल्लाही मोफत. दोन्ही हाताला धरून देतो.

ट्रॅक्सवाला_खानापूर
मी पंधरा वर्षं खानापूरच्या पश्चिमेकडं ट्रॅक्स चालवलो. टू व्हील. मागं ओढणारी. आमगाव, गवाळी, पास्तोलीकडच्या वाटा पावसाळ्यात बघा एकदा. ओढ्याला पूर आला की गावं तुटतात, आजारी माणसाला तिरडीसारखं बांबूला बांधून माणसं खांद्यावर आणतात. त्या वाटेला कुणी स्टिकर लावून रॅली काढली की आम्हाला कसंतरीच होतं. असो.

चालवायचं म्हणाल तर आमची युक्ती सांगतो. लाल मातीचा चढ आणि चाक फिरायला लागलं की पुढची माणसं उतरवायची आणि मागच्या फळीवर बसवायची. मागच्या चाकावर वजन आलं की पकडते. तुमच्या गाडीत चारी चाकं ओढतात, तरी मित्रांना सोबत नेताना हे लक्षात असू दे. आणि अॅक्सिलेटर एकसारखा. रपारप दिला की चाक स्वतःची कबर खणतं. चाक जागेवर फिरतंय असं वाटलं की पाय काढा, खाली उतरा, फांद्या नाहीतर दगड घाला, चाकामागची माती उकरा. खोरं पाहिजे गाडीत. विंच असून खोरं नसलेली माणसं मी बघितलोय, अँकर करायला झाड नाही म्हणून तीन तास बसले होते.

सुभेदार_निवृत्त
ट्रॅक्सवाले, तुम्हाला सलाम.

चंदगडी
रानाबद्दल विचारलंत म्हणून. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालंय. खानापूर तालुक्यातला मोठा पट्टा त्यात येतो, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. परवानगीशिवाय आत गाडी घालणं हा गुन्हा आहे, रस्ता दिसतोय म्हणून जाता येत नाही. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ आहे, जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं. शिवाय अस्वलं, गवे. संध्याकाळी लाइटबार लावून फिरणाऱ्यांना काय दिसणार आहे?

आमच्याकडं तिलारी-चंदगड बाजूला आलात तरी तेच. फक्त नंबर प्लेट केए बघून नाक्यावर जास्त प्रश्न.

थारवाला_अनगोळ
आणि तुमची एमएच आमच्याकडं आली की? सीमाप्रश्न नाक्यावरच सुटतो रोज.

चंदगडी
सुटला असता तर हा धागा दोन राज्यांत कशाला विभागला असता.

संपादकमंडळ
सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, आणि तो एकशे चाळीस पानांचा आहे. इथं गाडीवर बोलूया.

उद्यमबाग_टर्नर
यादीतल्या बाकीच्या गोष्टी. बुल बार (बंपरपुढचा लोखंडी सांगाडा) नाही लिहिलास ते बरं, केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवून त्यावर कारवाई करायला सांगितलंय. आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे: नोंदणीच्या वेळी कंपनीनं दिलेल्या तपशिलाच्या विरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. तेव्हा लिफ्टचा मोह आवर.

लिफ्टनं तुला वाटतं तेवढं मिळतही नाही. जिम्नीला पुढं-मागं अखंड अॅक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा) आहे. जमिनीपासूनची २१० मिलिमीटरची उंची मोजतात ती सगळ्यात खाली लोंबणाऱ्या भागापर्यंत, आणि तो भाग म्हणजे डिफरन्शिअलचा गोळा. स्प्रिंगा उंच केल्यास गाडीचं अंग वर जातं, गोळा तिथंच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरनं. म्हणून दगड दोन चाकांच्या मधून घालवायचा नाही, चाक दगडावर चढवायचं. चाक वर गेलं की अॅक्सल वर, अॅक्सल वर की गोळा वर.

बेळगुंदीची_वीटभट्टी
मी इथं नेहमी फक्त वाचते. आमच्या बाबांची वीटभट्टी होती, सहा वर्षांपूर्वी बंद केली. दोन एकर जागा तशीच आहे. माती काढलेले खड्डे, राखेचे आणि फुटक्या विटांचे ढीग, ट्रॅक्टर उतरायला केलेले उतार. पेरणी होत नाही, जागा आमच्याच नावावर. रविवारी सकाळी येऊ शकता. बाबांना सोबत मिळेल. एकट्यानं येऊ नका, दुसरी गाडी आणा.

थारवाला_अनगोळ
दुसरी गाडी मी. दोर माझ्याकडं आहे.

सुभेदार_निवृत्त
मी येतो. गाडीत नाही बसणार, बाहेर उभा राहीन.

*(तीन आठवड्यांनी)*

दुसरं_रेल्वेगेट
तीन रविवार झाले. सांगायचं म्हटलं तर पहिल्या रविवारी मी गाडी साधारण चारशे मीटर चालवलो आणि दोन किलोमीटर चाललो. सुभेदारकाकांनी प्रत्येक खड्ड्यात आधी उतरवलं. टाच दाबून बघायची सवय आता पावलाला लागलीय, काल पायी मंडईत जाताना खड्डा दिसला तर तिथंही दाबलो.

दुसऱ्या रविवारी अडकलो. तिरका खड्डा होता. पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी दोन चाकं हवेत, आणि मी पाय दाबतोय तशी तीच दोन फिरताहेत, जमिनीवरची दोन ढिम्म. घाबरून पाय काढला, परत दाबला, परत काढला. थारवाले दोर घेऊन निघालेच होते. काका म्हणाले, "थांब. फोर-एल आहे ना? पाय एकसारखा ठेव, काढू नको, मोजून पाच सेकंद." ठेवला. आधी नुसता आवाज, मग खालून कर्रकर्र झालं, म्हणजे गाडीनं हवेतल्या चाकांना स्वतःच ब्रेक लावला असावा, आणि जोर खालच्या चाकांकडं गेला. गाडी म्हातारी उठून उभी राहावी तशी हळूच वर आली. माझाच पाय सारखा उचलला जात होता, म्हणून तिला वेळच मिळत नव्हता.

पण खरं शिकवलं ते ताईंच्या बाबांनी. ट्रॅक्टरच्या जुन्या चाकोऱ्या आहेत तिथं, गुडघ्याएवढ्या. मी दोन्ही चाकं चाकोरीत घातलो आणि मधल्या उंचवट्यावर गोळा घासला. बाबा खुर्चीवरून उठले, काठीनं दाखवलं, "एक चाक मधल्या वरंब्यावर ठेव, दुसरं चाकोरीच्या भायेर. बैलगाडी हाकली नाहीस काय कधी?" गेली गाडी. टर्नरदादा, तुमचा गोळ्याचा परिच्छेद मला तेव्हा कळला.

यादीचं सांगतो. घेतलेलं: गेज, कॉम्प्रेसर, शॅकल दोन, दोर एक. साडेआठ हजार. लाइटबार रद्द. टायर हे झिजल्यावर बघू.

थारवाला_अनगोळ
टायरबद्दल मी अजून माझ्या मतावर ठाम आहे. फक्त त्या दिवशी माझ्या एटी टायरांनी मीच विटांच्या ढिगावर अडकलो होतो, ते तू लिहिलं नाहीस त्याबद्दल आभारी आहे.

कुंदा_पावकिलो
लिहिलं आता कुणीतरी.

वडगावची_सुमन
तीन रविवार वीटभट्टीवर, आमच्या शिवारात नाही. मसूर चांगला आलाय यंदा. बघायला या, चालत.

बेळगुंदीची_वीटभट्टी
दादा, एक विचारायचं होतं. आमचं खोरं तुमच्या डिकीत गेलंय का? बाबा कालपासून शोधताहेत.

दुसरं_रेल्वेगेट
आहे आहे. रविवारी घेऊन येतो. माझा गेज तुमच्या पडवीत राहिलाय काय बघता का? आज टायर बोटानं दाबून घरी आलो.